अडुसष्ट किलो

५ जानेवारी, सोमवार

वसंत पडला. सकाळी सव्वासहा, मोरीच्या उंबऱ्यात. लागलं नाही, पण उठता येईना. उजवा हात-पाय अर्धांगाचा झटका आल्यापासून, म्हणजे जूनपासून, कामाचा नाही. डावा पाय ओल्या फरशीवर सरकत होता. काखेत हात घालून ओढलं. हलला नाही. परत ओढलं तर माझाच तोल गेला आणि मी त्याच्या अंगावर. दोघं तशीच पडून.

मग बाहेर जाऊन हाका मारल्या. शेजारचे गणूमामा आले, होडीवर निघालेले दोघे आले, आणि एक चौथा. त्याचं नावही मला माहीत नाही. चौघांनी उचलून खुर्चीत ठेवला. जाताना चौथ्याने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, लहान पोराच्या ठेवतात तसा. वसंतने मान फिरवली. अठ्ठावीस वर्षं घाटातून एसटी चालवलेला माणूस.

शाळेत अकरा मिनिटं उशीर. मुख्याध्यापक घड्याळाकडे बघून म्हणाले, "बाई, घरचं घरी ठेवावं." दिवसभर अंगाची आग. नक्की कोणावर, ते ठरत नाही.

(तोंडावर 'अहो', वहीत 'वसंत'. लग्न झाल्यापासून असंच. सासूबाईंना वाचता येत नव्हतं ते बरं.)

६ जानेवारी, मंगळवार

पनवेलहून धाकट्या दिराचा, प्रकाशचा फोन. त्याचे ट्रक आहेत, त्यामुळे त्याला सगळं वाहून नेण्यासारखं वाटतं. "वहिनी, एक माणूस ठेवा चोवीस तास. नाहीतर दादाला इकडे आणून टाका. तुमचं काय वय राहिलंय का आता?"

आणून टाका.

मी त्रेपन्न. वजन एक्कावन्न किलो. वसंत अडुसष्ट. सतरा किलोचा प्रश्न आहे, चोवीस तास माणसाचा नाही.

९ जानेवारी, शुक्रवार

रजा टाकून वसंतला घेऊन श्रीवर्धनला फिजिओकडे. हात-पाय हलवून दाखवले, नेहमीचंच. मी विचारलं, हे पडले तर उचलायचे कसे? म्हणाला, "तुम्ही नाही उचलायचं मॅडम. दोन जेन्ट्स बोलवायचे."

"आणि नसले तर?"

"शेजारी असतीलच ना कोणीतरी."

म्हटलं, माझी ताकद वाढवायला काय करू? तो हसला. वाईट हसला असं नाही, पण हसला. "तुम्ही चालायला जा, मॅडम. समुद्र आहे तुमच्याकडे."

समुद्र आहे. येताना गाडीत बोर्ली येईपर्यंत तेच डोक्यात. वसंतने विचारलं, काय झालं? काही नाही म्हटलं.

११ जानेवारी, रविवार

मोबाईलवर 'नवशिक्यांसाठी ताकदीचा व्यायाम' शोधलं. पहिला पोरगा म्हणतो, केबल मशीनवर जा. दुसरा म्हणतो, रॅकमधून बार घ्या. तिसरी बाई म्हणते घरच्या घरी करा, आणि तिच्या घरात आमच्या शाळेपेक्षा जास्त सामान.

शेवटी परसात पाण्याची बादली घेतली. उचल, ठेव, उचल, ठेव. नवव्या वेळी कंबरेत कळ. तशीच वाकलेली राहिले. कुंपणापलीकडून गणूमामा बघत होते. अडुसष्ट-सत्तरचे असतील. काटक. मुंबईला गोदीत तीस वर्षं पोती वाहिली.

"काय करतेस ग सुमन? बादली अशी लांब धरल्यावर कंबर वरडनारच."

आत आले. बादली ठेवायला लावली. "बोजा अंगाला चिकटव. पाठ वाकवायची न्हाय. ढुंगन मागं ने, गुडघं थोडं मोड, मग उचल. मागं भिंत हाय आनि तिला ढुंगन लावायचंय असं समज."

एका मास्तरणीला परसात हे शिकवत होते आणि आम्हा दोघांपैकी कोणालाच लाज वाटली नाही. रिकाम्या बादलीने वीस वेळा करून घेतलं. कंबर दुखली नाही. मांड्या मात्र...

१२ जानेवारी, सोमवार

जिना उतरता येत नाही. मुलांना वाटलं बाईंना लागलंय.

१५ जानेवारी, गुरुवार

ग्रामपंचायतीच्या मागे व्यायामशाळा आहे. बाहेर पाटी: 'सर्व ग्रामस्थांसाठी खुली'. मी ग्रामस्थ आहे. शाळा सुटल्यावर गेले.

आत पाच-सहा जण आरशासमोर. मला बघून गाणं बंद केलं, कोणी मयत झाल्यासारखं. चावी तरुण मंडळाकडे, म्हणजे अध्यक्ष सुशांतकडे. तोही आतच होता. दिवेआगरला त्याची दोन कॉटेजं आहेत. चौतीस वर्षांचा. पहिली ते चौथी माझ्याकडे होता. 'ळ' काढायला त्याला दोन महिने लागले.

"बाई, तुम्ही? कोणासाठी विचारताय?"

"माझ्यासाठी."

"बाई, गैरसमज नको. पण इथे लेडीजची सोय नाही. पोरांना संकोच होतो."

"मग पहाटे देता का? तेव्हा कोणी नसतं."

"मंडळात विषय घ्यावा लागेल."

पोरांना संकोच होतो. पहिलीत असताना ह्यांच्या नाकाचा शेंबूड पुसला तेव्हा मला झाला नाही.

२१ जानेवारी, बुधवार

अर्ज लिहून दिला. विषय, संदर्भ, सगळं रीतसर. ग्रा.पं.मध्ये सांगितलं, हा मंडळाचा विषय. मंडळाने सांगितलं, इमारत ग्रा.पं.ची. अर्ज परत माझ्या पिशवीत. उद्या तिसरी खेप नाही. तिथे जाऊन हात जोडायचे नाहीत.

घरी रोज बादली, दहाच्या तीन फेऱ्या. आता अर्धी भरून. आणि खुर्चीवर बसणं-उठणं, हात न लावता. वसंत दारातून बघतो.

२६ जानेवारी, सोमवार

शाळेत झेंडावंदन. पाहुणे म्हणून सुशांत. भाषणात महिला सबलीकरण. "आमच्या गावातली स्त्री कुठेच मागे नाही." आभार मानायचं काम माझ्याकडे होतं. माईक हातात. पाहुण्यांचे आभार मानले, खाऊ देणाऱ्यांचे मानले, आणि म्हटलं, "व्यायामशाळेची चावी मला आजच्या शुभदिनी देत असल्याबद्दल अध्यक्षांचे विशेष आभार."

पालकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना काय माहीत. सुशांतने खिशातून जुडगा काढला, एक चावी वेगळी करायला त्याला फार वेळ लागला.

पहाटे साडेपाच ते साडेसहा. "तात्पुरतं," म्हणाला.

मुख्याध्यापक दिवसभर बोलले नाहीत. बरं झालं.

२८ जानेवारी, बुधवार

पहिला दिवस. मामांना बरोबर नेलं. घामाचा आणि उंदरांचा वास. सामान: एक सरळ रॉड, दहाच्या दोन प्लेटा, पाचच्या दोन, अडीचची एकच. जोडीची कोणीतरी होडीच्या नांगराला बांधली म्हणे. डंबेल दोन, एक पाचचं, एक साडेसातचं. रेक्झिन फाटलेला बाक. आरसा मात्र भिंतभर.

मामांनी रॉड हातावर तोलला. "आठ किलो." नंतर भंगारवाल्याच्या काट्यावर पाहिलं, आठच.

पाचच्या प्लेटा लावल्या तर रॉड फारच खाली राहतो, वाकताना पाठ गोल होते. मामा बाहेरून जांभ्याचे दोन चिरे घेऊन आले, प्लेटांखाली ठेवले. उंची बरोबर झाली. अठरा किलो, पाच वेळा, तीन फेऱ्या. मध्ये दोन मिनिटं थांबायचं. माझी घाई चाललेली. "सुमन, गोदीत घाई करनारा पयला मोडतो."

वहीत मागच्या पानावर तक्ता आखला. तारीख, वजन, किती वेळा. सोम, बुध, शुक्र.

९ फेब्रुवारी, सोमवार

अठ्ठावीस किलो. पाच-पाच-चार. पाचवी गेली नाही.

अठरावरून अठ्ठावीसवर उडी मारली, ती चूक. मध्ये काही नाही. शहरात म्हणे अर्ध्या अर्ध्या किलोच्या प्लेटा मिळतात. आमच्याकडे पाच, दहा आणि नांगर.

घरून मिठाच्या पुड्या नेल्या, किलोकिलोच्या. दोन्ही टोकांना सुतळीने सारख्या बांधल्या. आता दोन-दोन किलोने वाढवता येईल. मामा म्हणाले, मीठ कमी पडनार न्हाय आपल्याकडं.

शिक्षक खोलीत मला 'पैलवान बाई' नाव पडलंय. तोंडावर म्हणत नाहीत. खडूचा डबा मात्र सगळे मलाच उचलायला देतात आणि हसतात.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आरशाला तडा. सुशांतचा मेसेज, "बाई, सकाळच्या बॅचने काळजी घ्यावी." सकाळची बॅच म्हणजे मी आणि एक सत्तरीचा म्हातारा. मी आरशाकडे पाठ करून उभी राहते. उलट लिहिलं: बुधवारी पहाटे आम्ही दार उघडलं तेव्हाच तडा होता, फोटो आहे, तारीख वेळेसकट. उत्तर नाही. माफी तर नाहीच.

गॅसचा सिलिंडर आज एकटीने दारापासून आत नेला. कोणाला सांगितलं नाही. इथे लिहिते.

१८ फेब्रुवारी, बुधवार

अंगणवाडीतली रुबीना आज पहाटे दारात उभी. पाण्याची पिंपं उचलून खांदा गेलाय तिचा. "टीचर, मला पन शिकवा. घरात सांगितलंय, टीचरकडे चालले." खोटं नाही ते. पाचचं डंबेल दिलं, छातीशी धरून खुर्चीवर बस-ऊठ. आठव्या वेळी म्हणाली, हे तर मी रोजच करते, फक्त मोजत नव्हते.

छत्तीस किलो. पाच, पाच, पाच. मीठ आठ पुड्या.

२२ फेब्रुवारी, रविवार

भांडी तशीच ठेवून लिहायला बसले.

दुपारी जेवण झाल्यावर वसंत पलंगावरून उठायला गेला आणि घसरून खाली बसला. पाय पुढे, पाठ पलंगाला. मी स्वयंपाकघरातून आले. घाबरले नाही. पहिल्यांदाच घाबरले नाही. पाय रोवले, वाकले, एक हात पाठीमागून, एक कमरेच्या पट्ट्याला. सगळं बरोबर होतं.

"हात लावू नको."

"अहो, मला येतं आता."

"मामाला बोलाव."

"अहो, एकदा बघा तरी."

"मी पोतं आहे का, सुमन?"

मीही आवाज चढवला. चार आठवडे पहाटे उठतेय ती कोणासाठी, म्हटलं. गावाची बोलणी खाल्ली, माईकवर भीक मागितल्यासारखी चावी मागितली, मिठाच्या पुड्या बांधल्या. आणि तुम्हाला उचलायला कोणीही चालतो, नाव नसलेला चालतो, मी नाही चालत. का? बाई म्हणून? तर तुम्ही आणि तो सुशांत एकाच माळेतले.

तो समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. पंधरा मिनिटं. मीही शेजारी फरशीवर बसले. मग जाऊन मामांना घेऊन आले. दोघांनी मिळून उठवला, त्यांनी एका बाजूने, मी दुसऱ्या. माझी बाजू हलकी लागली. त्याचा आनंद झाला नाही.

२३ फेब्रुवारी, सोमवार

गेले नाही. चावी रुबीनाकडे पाठवली. घरात अबोला. जेवण वाढलं, जेवला.

२५ फेब्रुवारी, बुधवार

आज तो बोलला.

शाळेतून आले तर ही वही त्याच्या मांडीवर. पुढची पानं नाही वाचली म्हणतो, मागचा तक्ता फक्त. खरं असावं. खोटं बोलताना तो कान खाजवतो.

तक्त्याच्या तळाशी मी लाल शाईने ६८ लिहून भोवती चौकट केली होती.

"हे माझं वजन ना?"

"हो."

"म्हणजे इथवर पोचायचं. आणि पोचलीस की मग?"

मी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

"मग मी पडायची वाट बघायची," तो म्हणाला. रागाने नाही. तिकीट फाडावं तसं. तक्त्यावर बोट ठेवून म्हणाला, "तुझा तक्ता आहे. मामाने तुला शिकवलं, तू रुबीनाला शिकवलंस. माझा तक्ता कुठाय?"

त्या फिजिओवर मी इतके दिवस जळत होते. मला चालायला जा म्हणाला म्हणून. आणि मी माझ्या घरात...



२६ फेब्रुवारी, गुरुवार

श्रीवर्धनला फोन. विचारलं, ह्यांनी बसायचं-उठायचं केलं तर चालेल का. "चालेल की मॅडम, चांगलंच आहे. उंच बैठकीवरून सुरू करा, कमजोर बाजूला तुम्ही उभ्या राहा, दम लागला की थांबा." चांगलंच आहे. मग आठ महिने सांगितलं का नाही? "तुम्ही विचारलं नाही."

फोन ठेवल्यावर पाणी प्यायले दोन ग्लास.

१ मार्च, रविवार

वसंतचा तक्ता. पलंगाच्या कडेला दोन उशा, त्यावर बसायचं. तिथून उभं राहायचं, पाच वेळा. समोर खुर्ची, तिची पाठ धरायला. मी उजव्या बाजूला.

तीन झाल्या. चौथ्याला डाव्या हाताने पलंग ढकलला. मी म्हटलं, ही धरणार नाही. त्याने डेपोतली एक ठेवणीतली शिवी दिली. पलंगाला दिली म्हणतो.

तक्त्यात ३ लिहिलं. त्याने पेन घेऊन डाव्या हाताने शेजारी वाकडातिकडा अर्धा काढला. साडेतीन.

११ मार्च, बुधवार

दीड उशी. पाच, चार, तीन. उजवा पाय आता नुसता लटकत नाही, जमीन चाचपतो.

माझं अडतीस किलो. पाचच्या, दहाच्या, सगळ्या लागल्या. व्यायामशाळा इथे संपते. पुढे मिठावरच. रुबीनाबरोबर तिची जाऊ यायला लागली, आणि कालपासून एक मच्छीवाली, जिला शिकवण्यासारखं आमच्याकडे काही नाही. पहिल्याच दिवशी तिने अठ्ठावीस उचलले आणि विचारलं, येवढंच?

तक्त्यातली लाल चौकट खोडली. आकडा दिसतोच.

१६ मार्च, सोमवार

कुलूप बदललंय.

पहाटे साडेपाचला आम्ही चौघी आणि मामा दारात. चावी लागेना. दारावर कागद: 'नूतनीकरणासाठी बंद. आदेशावरून.' कोणाचा आदेश ते नाही. संध्याकाळी तिथूनच जाताना आत गाणं चालू होतं. नूतनीकरण नाचून करतात वाटतं.

सुशांतला फोन. "बाई, तुम्ही एकट्या होतात तोवर ठीक होतं. आता चार बायका. लोक विचारायला लागले."

"काय विचारतात?"

"तसं नाही, बाई."

"कसं?"

फोन ठेवला. त्याने. मी त्याला असं वागायला शिकवलेलं नाही.

२० मार्च, शुक्रवार

परसात. चिरे, तांदळाची पोती, मीठ, बादल्या. चौघीजणी. व्यायाम थांबला नाही, पण प्रश्न तो नाही. रॉड गावाचा आहे. माझ्याइतकाच त्यांचा, त्यांच्याइतकाच माझा. मामा म्हणाले, "राहू दे, हितं काय वाईट हाय?" मी म्हटलं, मामा, गोदीतून तुम्हाला कोणी म्हटलं असतं घरी पोती उचला, तर? हसले. मग चिरा उचलून जागेवर ठेवला.

मंडळाची बैठक २९ला लावलीय. विषय क्र. ४: महिलांना वेळ देणेबाबत. मला बोलावणं नाही. जाणार आहे.

२४ मार्च, मंगळवार

प्रकाशचा फोन. दादाचं काय ठरलं? वसंतने फोन मागून घेतला. "प्रकाश, मी बिझी आहे," म्हणाला, आणि माझ्याकडे दिला.

एका उशीवर पाच, पाच, चार. शेवटच्याला इतका घामाघूम झाला की मी थांबवलं. रागावला. मला मोजू दे म्हणाला.

२९ मार्च, रविवार

हे ग्रा.पं.च्या ओट्यावर बसून लिहितेय. वही पिशवीतच होती.

वसंत म्हणाला, मी पण येणार. रुबीनाच्या भावाची रिक्षा. जूनपासून दवाखान्याशिवाय तो कुठे बाहेर पडला नव्हता. ओट्यावर प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. मंडळाचे अकरा, आम्ही तिघी (रुबीनाची जाऊ घरी), मामा. लोक वसंतला बघून उगाच मोठ्याने बोलायला लागले, तो बहिरा झाल्यासारखे.

विषय एक ते तीन तासभर. चौथा आला तेव्हा सुशांतने मनगटावर बघितलं. "संख्या पुरेशी नाही, हा विषय पुढच्या बैठकीत घेऊ." मी मोजले, अकराच्या अकरा होते. तसं म्हटलं. "बाई, चर्चा सविस्तर व्हायला हवी," म्हणत तो उठला. त्याचं बघून सगळे उठले. चपला शोधायला लागले.

माझ्या तोंडात शब्द गोळा झाले होते. सगळे वाईट.

वसंत अजून बसलेला. सुशांत पुढे झाला, त्याने वाकून हात दिला. "या काका, मी धरतो."

"हात मागे घे."

मी उजव्या बाजूला सरकले. वसंतने माझ्याकडेही तसंच बघितलं. मी मागे झाले. ती खुर्ची आमच्या पलंगापेक्षा खाली होती, उशीशिवाय. पहिल्यांदा अर्धा वर आला आणि बसला. दुसऱ्यांदा तेच, खुर्ची मागे सरकली, मामांनी पायाने ती अडवली. तिसऱ्यांदा त्याने डावा हात मांडीवर ठेवला, खुर्चीला नाही, आणि उठला. सावकाश. उजवा गुडघा लटपटत होता, पण उभा. अकराही जण हातात चपला घेऊन थांबलेले.

"चावी," वसंत म्हणाला.

"काका, पुढच्या रविवारी नक्की बघू."

"बरं," वसंत म्हणाला, आणि खाली बसला. "मग मी तोवर इथेच आहे."

सगळ्यांना वाटलं गंमत. मलाही. त्याला झालाय अर्धा तास. सुशांतने दोनदा समजावलं, एकदा माझ्याकडे बघून, "बाई, तुम्ही तरी सांगा." मी म्हटलं, माझं ऐकत नाहीत. हे खरंच आहे.

ऊन ओट्यावर चढायला लागलंय. मामांनी त्यांची खुर्ची आणून शेजारी टाकली. रुबीना घरी जाऊन येते म्हणाली, येताना चहा आणि तिच्या जावेला घेऊन. सुशांत रस्त्यापलीकडे उभा राहून कोणाला तरी फोन करतोय. चावीचा जुडगा त्याच्या बोटात, फिरवतोय.